तिरकं, पण कारखान्याचं

बबलगम विकणाऱ्या कंपनीने चित्रं कापताना हयगय केली म्हणून तिला दोष देणं अवघड आहे, कारण तिचं सगळं लक्ष बबलगमकडे होतं. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीतल्या साय बर्जर यांनी १९५१ साली वुडी गेलमन यांच्या मदतीने घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेसबॉल खेळाडूंच्या नव्या कार्डांची आखणी केली. पोरांनी पाच सेंट टाकावेत, गम चघळावा आणि पाकिटातली चित्रं खिशात कोंबून मैदानावर पळावं, एवढीच त्यामागची महत्त्वाकांक्षा. १९५२ च्या त्या संचातल्या शेवटच्या मालिकेला तर पोरांनीही विचारलं नाही. गोदामात अडगळ झाली, तेव्हा १९६० च्या सुमारास बर्जर यांनीच उरलेल्या पेट्या बोटीत भरून अटलांटिक समुद्रात सोडून दिल्या. त्या मालिकेत ३११ क्रमांकाचं कार्ड मिकी मॅन्टल या खेळाडूचं होतं. समुद्रात न गेलेलं त्यातलं एक ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. त्याला दहापैकी साडेनऊ गुण होते. म्हणजे एवढे पैसे मोजूनही गिऱ्हाइकाच्या पदरात अर्ध्या गुणाची खोट आलीच.

हे गुण देण्याचा अमेरिकेत रीतसर धंदा आहे. पीएसए नावाची कंपनी त्यात १९९१ मध्ये उतरली. पुढे एसजीसी आली, बेकेट आली. आपण फी भरून कार्ड पाठवायचं. तिथले तज्ज्ञ ते भिंगाखाली धरतात, कोपरे बघतात, कडा बघतात, पृष्ठभाग बघतात आणि चित्र चारही बाजूंच्या पांढऱ्या किनारीच्या बरोबर मध्ये आहे का ते बघतात. मग एक ते दहामधला आकडा देऊन कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. कोपरे, कडा आणि पृष्ठभाग हा बहुतेक मालकाच्या चारित्र्याचा भाग. कार्डं रबरबँडने आवळली का, सायकलच्या आऱ्यांत अडकवून फटफटीचा आवाज काढला का, भिंतीवर आपटून जिंकण्या-हरण्याचा खेळ केला का, हे सगळं तिथे वाचता येतं. चित्र मध्यावर असणं ही गोष्ट मात्र कार्ड जन्माला येतानाच ठरलेली असते. तिच्यात मालकाचा, त्याच्या आईचा, माळ्यावरच्या उंदराचा, कुणाचाच हात नसतो. दहापैकी दहा हवे असतील तर समोरच्या बाजूला किनारींचं प्रमाण ढोबळमानाने ५५-४५ च्या आत असावं लागतं. पाठीमागे ७५-२५ सुद्धा चालतं, कारण पाठ कोण बघतो. थोडक्यात, पोराने दहावीचा पेपर चोख लिहावा आणि उत्तरपत्रिकेचा समास छापखान्यात तिरका पडला म्हणून बोर्डाने त्याचे गुण कापावेत, असा हा न्याय आहे. माझं म्हणणं एवढंच, की जुन्या कार्डाची श्रेणी म्हणून जे विकलं जातं त्यातला मोठा हिस्सा कार्डाचा नसतोच; तो सत्तर वर्षांपूर्वीच्या कटिंग मशीनचा आणि त्यामागे उभ्या राहून जेवणाच्या सुट्टीची वाट पाहणाऱ्या माणसाचा असतो.

छापखान्यात पाऊल टाकलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. एका मोठ्या तावावर शंभर-शंभर कार्डं छापली जातात. ताव एकावर एक रचून गठ्ठा होतो, गठ्ठ्यावर दाब बसतो, पातं खाली येतं. ताव यंत्रात जाताना केसभर सरकलेला असतो, हवेतल्या दमटपणाने कागद किंचित फुगलेला असतो, दाबाखाली गठ्ठा थोडा हलतो, आणि सकाळी धारदार असलेलं पातं संध्याकाळपर्यंत कागद कापण्याऐवजी त्याची समजूत घालू लागलेलं असतं. त्यामुळे वरच्या तावावरचा खेळाडू मधोमध उभा असतो आणि खालच्या तावावरचा तोच खेळाडू डाव्या किनारीला खांदा लावून असतो. ताव कलला तर चारही कोपरे काटकोन सोडून देतात आणि कार्ड शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. जाणकार त्याला ‘डायमंड कट’ म्हणतात. हिऱ्याचं नाव मिळालं म्हणून भाव वाढतो असं नाही, उलटच होतं. यात कुणी दुष्टपणा केलेला नाही. ज्या वस्तूने पुढच्या पंधरा मिनिटांत पोराच्या चड्डीच्या खिशात दुमडून जायचं होतं, ती किती काटेकोर कापावी याला मर्यादा असतात. प्रस्तुत लेखकाला पट्टी धरूनही सरळ रेघ ओढता येत नाही, तेव्हा त्या कामगाराबद्दल आमच्या मनात आपुलकीशिवाय काही नाही.

यावर लगेच उत्तर येतं, की गुण हे नीतिमत्तेचे नसून देखणेपणाचे आहेत. कार्ड तिरकं कुणामुळे झालं याच्याशी गिऱ्हाइकाला काय करायचंय? त्याला मधोमध चित्र हवं, तसं मिळणं दुर्मीळ, म्हणून त्याला किंमत जास्त. युक्तिवाद रास्त आहे, पण खुद्द कंपन्यांचाच त्यावर पुरता विश्वास नाही. पीएसएकडे आकड्यामागे अक्षरं लावण्याची जुनी पद्धत आहे. ‘९ ओसी’ म्हणजे कार्ड नवाच्या लायकीचं, पण चित्र मध्य सोडून गेलेलं. म्हणजे जपणूक ही एक गोष्ट आणि काप ही दुसरी, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. लेबलवर दोन्ही वेगवेगळी लिहिण्याची सोयही आहे. पण ही अक्षरं मालकांना आवडत नाहीत. डबीवर शेपूट दिसलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. तेव्हा विनंती केल्यास कंपनी शेपूट कापून आकडाच खाली आणते, आणि नवाच्या जागी सात लिहिलं की सगळे समाधानी होतात. त्या सातमध्ये मग दोन प्रकारची कार्डं शेजारी नांदतात. एक पोराने वहीत जपलेलं, पण पात्याने दगा दिलेलं. दुसरं पात्याने मधोमध कापलेलं, पण पोराने चार वर्षं खेळून कोपरे बोथट केलेलं. दोघांच्या कपाळी आकडा तोच. घटस्फोटाचं कारण लपवून दोन्ही पक्षांना ‘स्वभाव जुळले नाहीत’ एवढंच लिहायला लावणारे वकील असतात, त्यांना हे पटेल.

खरी मौज मात्र कापाच्या मापात आहे. कार्डाला ठरलेलं माप असतं. १९५२ चं टॉप्स २ पूर्णांक ५/८ इंच बाय ३ पूर्णांक ३/४ इंच. १९५७ पासून अडीच बाय साडेतीन. पण वर सांगितलेल्या कारणांनी कारखान्यातूनच काही कार्डं आखूड बाहेर पडली. दुसरीकडे काही हुशार मंडळी झिजलेली कड किंवा जादा किनार घरी कापून कार्ड ताजंतवानं करतात, आणि कापलेलं कार्डही अर्थातच आखूड होतं. दोन्ही कार्डं टेबलावर आली की तज्ज्ञांची पंचाईत होते. मग नियमांच्या यादीत वेगवेगळे शेरे आहेत: कडा छाटल्याचा पुरावा आहे, हा एक, माप भरत नाही, हा दुसरा, काप नेहमीपेक्षा विचित्र आहे, हा तिसरा. दुसरा शेरा मिळालेल्या मालकाचा आणि कंपनीचा संवाद कल्पनेने लिहायचा तर तो साधारण असा होईल:

“माझं कार्ड परत का आलं?”

“मापात बसत नाही.”

“कुणी कापलंय असं म्हणताय का?”

“छे, तसा काहीच पुरावा नाही.”

“म्हणजे कारखान्यानेच आखूड कापलं.”

“शक्य आहे.”

“मग ते अस्सल आहे.”

“असेलही.”

“मग गुण द्या की!”

“मापात बसत नाही.”

याच्यापुढे तर्काची गाडी जात नाही. तरी नियम लवचीक नाहीत असं कुणी म्हणू नये. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत टी-२०६ नावाने ओळखली जाणारी कार्डं घातली. त्यातला अमेरिकन ब्युटी हा सिगारेटचा छाप अंगाने सडपातळ पाकिटात येई, म्हणून त्या छापाची कार्डं कारखान्यातच बारीक कापली. ही कार्डं अरुंद असतात हे तज्ज्ञांना माहीत आहे, आणि त्यांचा अरुंदपणा घराण्याचं वैशिष्ट्य म्हणून मान्य होतो. म्हणजे आखूड असायला हरकत नाही. फक्त भावंडं झुंडीने आखूड असली पाहिजेत. एकट्याने आखूड असणं संशयास्पद.

कात्री कुणाच्या हातात होती यावरून शील ठरवण्याची ही पद्धत आणखी पुढे जाते. १९६१ ते १९६३ या काळात पोस्ट कंपनीच्या सीरियलच्या खोक्यांच्या पाठीवर खेळाडूंची कार्डं छापलेली असत. १९७५ ते १९७९ मध्ये होस्टेसच्या केकच्या खोक्यांच्या बुडाशी असत. ती पोरांनी घरी कात्रीने कापून घ्यायची होती. सात-आठ वर्षांच्या मुलाने नाश्ता करता करता, एका हातात चमचा धरून कापलेलं कार्ड कसं दिसतं याची कल्पना करा. तरी त्याला श्रेणी मिळू शकते. चौफेर छापलेली रेघ शाबूत असली की भागतं, कारण कापायला कंपनीनेच सांगितलं होतं. आता उलट उदाहरण घ्या. टॉप्सचे न कापलेले पूर्ण ताव कधीमधी बाजारात येतात. कागद तोच, शाई तीच, छपाई त्याच दिवशीची. समजा एखाद्या सज्जनाने उत्तम यंत्र आणून असा ताव काटकोनात, मापात, अगदी मधोमध कापला. कारखान्याला आयुष्यात जमलं नाही इतकं देखणं काम झालं. त्याला गुण नाहीत. घरी कापलेलं कार्ड म्हणून ते माघारी. खोडाखोड झाली असं म्हणावं, तर खोडलं काहीच नाही. देखणेपणालाच गुण द्यायचे असते तर या कार्डाची मिरवणूक निघायला हवी होती. म्हणजे तिरकं कापण्याचा अधिकार कारखान्याचा आणि वाकडंतिकडं कापण्याचा अधिकार लहान मुलाचा. सरळ कापायला मात्र कुणालाच परवानगी नाही.

कॅनडात तर खडबडीतपणाला प्रतिष्ठा आहे. ऑन्टारिओ प्रांतातल्या लंडन शहरातली ओ-पी-ची कंपनी हॉकीची कार्डं काढायची. कार्डं तारेने कापली जात असं संग्राहक सांगतात. कडा अशा निघत की एखाद्याने दातांनी तोडल्याचा भास व्हावा. १९७९-८० च्या संचात १८ क्रमांकाचं कार्ड वेन ग्रेट्स्कीचं, त्याच्या कारकिर्दीतलं पहिलं. त्याच्या निळ्या किनारीचा रंग जरा कुठे निघाला तरी पांढरा कागद डोळ्यांत भरतो. अशा कार्डाची कड नितळ दिसली तर जाणकाराच्या भुवया वर जातात: ‘एवढी गुळगुळीत? कुणी हात फिरवलाय का?’ आणि धागे निघालेली, खरखरीत कड दिसली की त्याचा जीव भांड्यात पडतो. एरवी ज्या दोषाला गुण कापायचे तोच इथे चांगल्या वर्तणुकीचा दाखला. या कार्डाला पीएसएने दहापैकी दहा दिले आहेत ते अवघ्या दोन प्रतींना. त्यातली एक मे २०२१ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरला गेली. खडबडीत असूनही निर्दोष राहण्याचा तो भाव असावा.

आता विरोधी पक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ते म्हणतात, कापाबद्दल इतकं कडक राहिलं नाही तर लबाडांचं फावेल. आज कारखान्याचा तिरकेपणा माफ केला तर उद्या जो तो घरी कात्री लावील. मुद्दा ऐकायला बिनतोड आहे. अडचण एकच, की खुद्द पीएसएचं पहिलंच कार्ड त्याच्या विरोधात साक्ष देतं. पीएसएने श्रेणी दिलेलं पहिलं कार्ड म्हणजे टी-२०६ संचातला पिट्सबर्ग पायरेट्सचा होनस वॅग्नर. १९९१ मध्ये मघाचाच हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ते ४,५१,००० डॉलरला घेतलं होतं. त्याला आठ गुण मिळाले. ऐंशी वर्षांपूर्वीचं सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड आणि आठ! कडा धारदार, कोपरे टोकदार, सगळं कसं काल कापल्यासारखं. ते खरोखरच बऱ्याच अलीकडे कापलेलं होतं. ते १९८५ मध्ये विकत घेणारे बिल मॅस्ट्रो पुढे लिलावांतल्या फसवणुकीच्या खटल्यात अडकले आणि २०१३ मध्ये गुन्हा कबूल करताना या कार्डाच्या बाजूच्या कडा आपण छाटल्याचंही त्यांनी मान्य केलं. तोवर ते कार्ड हात बदलत २००७ मध्ये २८ लाख डॉलरपर्यंत पोहोचलेलं होतं. कबुली देणाऱ्याला वीस महिन्यांची कैद झाली. आठाचा आकडा मात्र डबीत शाबूत राहिला.

या वॅग्नरला एक भाऊ आहे, आणि त्याच्या वाट्याला काय आलं ते पाहिलं की न्यायव्यवस्थेवरचा आपला विश्वास पुन्हा एकदा पूर्ववत डळमळतो. ‘जंबो वॅग्नर’ म्हणून तो ओळखला जातो. कारखान्यात काप चुकला आणि हे कार्ड नेहमीपेक्षा मोठं राहिलं; चारी बाजूंना ऐसपैस किनार. त्याच्याकडून कुणी काही कापून घेतलेलं नाही, उलट कागद जादाच आहे. त्याला मिळाले पाच गुण, आणि वर ‘एमसी’, म्हणजे काप चुकलेला, असं शेपूट. म्हणजे ज्याला कारखान्याने प्रामाणिकपणे चुकीचा कापला त्याच्या लेबलवर कापाची बदनामी, आणि ज्याला घरी कात्री लागली त्याचं लेबल स्वच्छ. बाजाराने मात्र जंबोला नाकारलं नाही. २०१३ मध्ये तो एकवीस लाख डॉलरच्या पुढे गेला आणि २०१६ मध्ये ३१ लाख २० हजारांना. २०२२ मध्ये तर दहापैकी दोनच गुण असलेला, चुरगळलेल्या तब्येतीचा आणखी एक वॅग्नर ७२ लाख ५० हजार डॉलरला विकला गेला. दोन गुणांत एवढे पैसे मिळतात म्हटल्यावर आम्हालाही शाळेतली प्रगतिपुस्तकं अकारण फाडून टाकल्याची हळहळ वाटते.

लबाडी हा अपवाद आहे, एका कार्डावरून धंद्याला नावं ठेवू नका, असंही सांगितलं जातं. ठीक. पण लबाडीची प्रेरणा कुठून येते ते बघा. किनार ७०-३० असलेलं कार्ड एका बाजूने केसभर छाटलं की ते ६०-४० होतं आणि श्रेणीची पायरी चढतं. वरच्या पायऱ्यांवर एका पायरीचा फरक किमतीत दुप्पट-तिप्पट उडी घेऊ शकतो. पात्याच्या चुकीला मालकाकडून दंड वसूल करायचा नियम केला, म्हणूनच ती चूक दुरुस्त करायला मालक कात्री उचलतो. मधोमध नसणं हा नुसता जन्मखुणेचा प्रकार मानला असता तर ती काढून टाकण्याची कुणाला गरज वाटली नसती. बक्षीस ठेवायचं सरळपणाला, पहारा बसवायचा सरळ करण्यावर, आणि मग माणसं वाकडी वागतात म्हणून खेद करायचा.

यंत्रं आणा म्हणजे भानगड मिटेल, अशीही आशा आहे. २०२१ च्या मार्च महिन्यात पीएसएकडे इतकी कार्डं साचली की तीन दिवसांत आधीच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त माल आला, असं सांगून कंपनीने बहुतेक सेवा तात्पुरत्या बंद केल्या. टाळेबंदीत घरी बसलेल्या अमेरिकेने माळे आवरले होते, दुसरं काय. त्याच सुमारास तिच्या मूळ कंपनीने संगणकाने कार्ड तपासणारी जेनामिंट ही कंपनी विकत घेतली. संगणक भिंगवाल्यापेक्षा किनार अचूक मोजेल, याबद्दल शंका नाही. कार्ड ६१-३९ आहे की ६०-४०, यावर माणसाशी हुज्जत घालता येते, संगणकाशी येत नाही. पण मोजणार काय? तेच. पातं नेमकं किती चुकलं हे आता दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत कळेल, आणि दंड मात्र त्याच पत्त्यावर जाईल.

आमची सूचना साधी होती: डबीवर दोन आकडे छापावेत, एक कारखान्याचा, एक सांभाळणाऱ्याचा. बेकेट कंपनी मध्य, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांचे चार वेगळे गुण छापते, म्हणजे जागेची अडचण नाही. पण गिऱ्हाईक तिथेही आधी मोठा आकडाच वाचतं. ते म्हणतं, दोन आकडे कशाला, कुठलं चांगलं ते एका शब्दात सांगा. त्यावर बाजाराने स्वतःचा तोडगा काढला आहे. एकाच श्रेणीची दोन कार्डं दिसायला इतकी वेगळी निघू लागली, की आता डबीच्या बाहेरून ‘या श्रेणीतलं हे त्यातल्या त्यात देखणं’ असं सांगणारे स्टिकर निघाले आहेत. कार्डाला गुण, गुणांना पुन्हा गुण. स्टिकर देणारे डबी उघडत नाहीत. बाहेरूनच चित्र मध्यावर आहे का ते पुन्हा एकदा बघतात. हे स्टिकर छापून, गठ्ठ्याने, कुठल्यातरी कटिंग मशीनवरच कापले जात असणार. त्यातला एखादा तिरका निघाला तर त्याची तक्रार कुणाकडे नोंदवायची, हे अजून ठरलेलं दिसत नाही.